भाड्याच्या नौकेची कैफियत

आमच्या सुरतेतील मराठी मंडळींच्या यंदाच्या दिवाळी स्मरणिकेत एका वयोवृद्ध आणि सर्वांस आदरणीय अशा निवृत्त मुख्याध्यापकांनी जो लेख लिहिला आहे, त्यास उत्तर देण्याचे काम माझ्याकडे का यावे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्यांनी तरुणांस आवरावयाचे त्या पांढऱ्या केसांच्या माणसांनीच त्यांच्या नौकेत जाऊन बसावे, याबद्दल त्या लेखात जो खेद प्रकट झाला आहे, तो नाव न घेता का होईना पण माझ्याच केसांना उद्देशून आहे, हे मंडळातील लहानथोरांस कळून चुकले आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या, त्याची धाकटी बहीण आणि त्यांचा एक गुजराती भागीदार अशी तीन बिऱ्हाडे सेशेल्स बेटांमध्ये सात दिवस एक नौका भाड्याने घेऊन हिंडली आणि मी त्यांच्यासोबत होतो. गुन्हा मला कबूल आहे. पण त्या गुन्ह्याचे जे कलम गुरुजींनी लावले आहे ते मला साफ नामंजूर आहे. आणि जे कलम लावावयास हवे होते ते त्यांच्या नजरेतून सुटले आहे, एवढेच मला दाखवून द्यावयाचे आहे.

गुरुजींचा मुख्य आक्षेप असा की, स्वतःपुरती नौका भाड्याने घेऊन बेटाबेटांतून फिरणे ही पाश्चात्य धनिकांची रीत असून तिला आपल्या परंपरेत कोठेही आधार नाही. हे वाक्य पुण्यात किंवा सोलापुरात लिहिले गेले असते तर मी सोडून दिले असते. परंतु ज्या गृहस्थांनी आयुष्याची चाळीस वर्षे सुरतेत घालविली आणि ज्यांच्या शाळेतील मुले दरवर्षी चौकातील किल्ला पाहावयास जात असत, त्यांनी त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या तापीकडे पाठ करून हे लिहावे, याचे मला नवल वाटते. मोगली अमदानीत या शहराला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत. आणि त्या दरवाजातून बाहेर पडणाऱ्यांत केवळ फकीर आणि व्यापारी नव्हते. बाबराची कन्या आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम ही 1575 साली फत्तेपूर सिक्रीहून निघाली ती राजघराण्यातील स्त्रियांचा एक मोठा मेळावा बरोबर घेऊन सुरतेस आली आणि येथून 1576 मध्ये जहाजाने मक्केस गेली. हिंदुस्थानच्या बादशहाची आत्या, हाताशी खजिना, दिमतीस सरदार. तथापि या बाईला सुरतेत सुमारे वर्षभर खोळंबून राहावे लागले, कारण समुद्रावर हुकमत पोर्तुगिजांची होती आणि त्यांचा परवाना हाती आल्याशिवाय बंदरातून जहाज हलविणे सुरक्षित नव्हते. परत येताना एडनजवळ त्यांचे जहाज फुटले, तेथे पुन्हा महिनेच्या महिने अडकून पडावे लागले, आणि ही मंडळी फत्तेपूर सिक्रीस पोहोचली तेव्हा 1582 साल उजाडले होते. ती यात्रा होती, सहल नव्हे, असे गुरुजी म्हणतील. मान्य. परंतु एका कुटुंबाने आपल्या परिवारासह जहाजात बसून दूर समुद्रापार जाणे ही गोष्ट परकी आहे, हे म्हणणे तरी येथेच निकालात निघाले.

आता भाड्याचा प्रश्न. सुरतेच्या व्यापाऱ्यांत जहाजभाड्यास 'नूर' असा एक स्वतंत्र शब्द आहे, आणि ज्या गोष्टीला भाषेत स्वतंत्र शब्द असतो ती गोष्ट त्या गावात परकी नसते. येथील वीरजी व्होरासारख्या सावकाराचा माल दुसऱ्याच्या जहाजातून जाई. येथला मुल्ला अब्दुल गफूर, जो 1718 साली वारला, तो स्वतःच एवढ्या जहाजांचा धनी होता की एखाद्या युरोपीय कंपनीने त्याच्याकडे असूयेने पाहावे. आणि इंग्रजांच्या कंपनीची जहाजेही इराणकडे जाताना हिंदी व्यापाऱ्यांचा माल भाड्याने भरून घेत. जहाज एकाचे, माल दुसऱ्याचे, प्रवासी तिसरा, आणि या सर्वांच्या डोक्यावर हुकूम चौथ्याचा, अशी ही व्यवस्था होती. त्या चौथ्याविषयी मला पुढे बरेच बोलावयाचे आहे. जहाज बांधण्याची विद्यासुद्धा मुंबईने येथूनच नेली. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी सुतार 1736 च्या सुमारास मुंबईच्या गोदीत गेला आणि त्याच्या वंशजांनी तेथे बांधलेले, 1817 साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. आम्हा मराठी माणसांनी या बंदराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची नोंद 1664 आणि 1670 या दोन सालांत इतिहासाने करून ठेविली आहेच, आणि वीरजी व्होराच्या वारसांस तिची आठवण करून देण्याची गरज नाही. पण म्हणून बंदराचा इतिहासच आपला नव्हे असे मानावयाचे, तर मग आपण येथे राहतो तरी कोणत्या हक्काने?

गुरुजींनी धर्मशास्त्राकडेही बोट दाखविले आहे. समुद्रगमन कलियुगात वर्ज्य, हे वचन त्यांनी गंभीरपणे आधाराला घेतले आहे की थट्टेने, हे मला लेखावरून उमगले नाही. गंभीरपणे घेतले असल्यास त्यांना दोन उदाहरणांचा विचार करावा लागेल, आणि दोन्ही याच शहराशी संबंधित आहेत. 1775 च्या मार्चमध्ये ज्यांनी सुरतेचा तह केला त्या रघुनाथराव दादासाहेबांनी पुढे 1781 मध्ये हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलास, एका पारशी दुभाष्यासह व त्या दुभाष्याच्या मुलासह, विलायतेला पाठविले. तेथे एडमंड बर्क या प्रसिद्ध मुत्सद्द्याने त्यांस आपल्या बागेतील काचघर मोकळे करून दिले, ते एवढ्यासाठी की त्यांना सोवळ्याने स्वतःचा स्वयंपाक करता यावा. दुसरे उदाहरण महीपतराम रूपराम यांचे. हे सुरतेचे नागर गृहस्थ 1860 साली शिक्षणविषयक कामासाठी इंग्लंडला गेले आणि परत आल्यावर ज्ञातीने त्यांस वाळीत टाकले. त्या वाळीत टाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणी घेत नाही. गुरुजींना कोणत्या पंगतीत बसावयाचे आहे हे त्यांनी ठरवावे. आमच्या नौकेवर कांदालसूण न खाणाऱ्या भागीदारासाठी वेगळी पातेली, वेगळा चमचा आणि बटाट्यावाचून सात दिवसांची यादी, असा जो बंदोबस्त करावा लागला तो पाहताना मला त्या काचघराची फार आठवण झाली. सोवळे तेवढे बदलले. चूल मांडण्याची फिकीर तीच.

पैशाविषयीचा आक्षेप मात्र मी असा हसण्यावारी नेणार नाही. खर्च झाला, आणि तो अल्प नव्हता. परंतु या शहरात, जेथे हिरा आणि कापड यांच्या जोरावर एका रात्रीच्या मंडपासाठी परदेशाहून फुले येतात, जेथे लग्नाच्या जेवणातले पदार्थ पाहुण्यांना मोजता येत नाहीत आणि ते जेवण दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर गेलेले दिसते, त्या शहरात उधळपट्टीचे उदाहरण शोधावयास हिंदी महासागरात हजारो मैल जावे लागले, ही गुरुजींच्या दूरदृष्टीची कमाल आहे. नौकेच्या भाड्यातील रक्कम नाखुदाच्या पगारात, आचाऱ्याच्या पगारात, शिडांच्या आणि यंत्राच्या देखभालीत, नांगरवाड्याच्या शुल्कात जाते. खलाशाचा पगार म्हणजे काय हे दापोली-गुहागरच्या घरांना विचारावे. त्या किनाऱ्यावरची कित्येक बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या समुद्रावरून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालली आहेत. चैनीचा पैसा वाईट खराच, पण सर्व चैनींत जी चैन कष्टकऱ्याच्या हाती रोख वेतन ठेवते ती कमी वाईट, एवढा तरी भेद अर्थशास्त्राचा अध्यापक राहिलेल्या माणसाने करावयास हवा होता.

आणि ज्ञान काय मिळाले, हा त्यांचा प्रश्न. त्यास एकाच फळाचे उत्तर देतो. आपल्याकडे रमत्या फकिराच्या हातात जे काळे, गुळगुळीत, होडीच्या आकाराचे भिक्षापात्र असे आणि ज्यास 'किश्ती' म्हणजे नौकाच म्हणत, ते ज्या दर्याच्या नारळापासून होते तो नारळ समुद्रातून वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागे. तो कोठल्या झाडाचा हे शतकानुशतके कोणास माहीत नव्हते. समुद्राच्या तळाशी त्याचे झाड आहे अशी समजूत होती, आणि शास्त्रज्ञांनीही त्याच्या नावात चुकून मालदीवच घातला. ते झाड जगात निसर्गतः फक्त सेशेल्समधील दोन बेटांवर वाढते. प्रास्लिन बेटावरील 'व्हाले द मे' नावाच्या दरीत, जी 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्या वनात आम्ही उभे राहिलो. वर ताडासारखी पाने वाऱ्याने एकमेकांवर आपटत होती आणि ज्याला पिकण्यास सहासात वर्षे लागतात असे ते वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी बुंध्यावर लोंबत होते. माझ्या लहानपणी धुळ्याला आमच्या दारात येणाऱ्या एका फकिराच्या हातातले पात्र मला सत्तर वर्षांनी कळले. देशाटनाने याहून निराळे काय व्हावयाचे असते?

धोक्याचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण तेथे गुरुजी निम्मे बरोबर आहेत. समुद्र धोक्याचा आहेच. 1695 साली 'गंज-इ-सवाई' हे बादशाही जहाज मक्केची यात्रा करून सुरतेस परतत असता इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले आणि त्यापायी येथील इंग्रज वखारवाल्यांस कैदेत बसावे लागले. आणि अगदी 2009 मध्ये सेशेल्सजवळूनच एक ब्रिटिश दांपत्य आपल्या शीडनौकेसह सोमाली चाच्यांच्या हाती सापडून वर्षाहून अधिक काळ ओलीस राहिले. म्हणून काय करावयाचे, तर कोणत्या पाण्यात जावे आणि कोणत्या जाऊ नये याची चौकशी आधी करावयाची. येथे मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो.

गुरुजींना आमच्या प्रवासात दोष सापडला तो नौका भाड्याने घेण्यात. मला दोष दिसला तो निराळा, आणि तो मी आमच्याच माणसांच्या पदरात घालतो. पुतण्याच्या रिंगरोडवरील कापडाच्या पेढीवर या प्रवासाची जी पहिली बैठक झाली, तीत कागदावर काय काय नमूद झाले याची जंत्री मजपाशी आहे: सात दिवसांच्या सात न्याहाऱ्या, कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे कपडे, उडत्या कॅमेऱ्याने छायाचित्रे कोठे घ्यावयाची, गाण्यांची यादी, आणि दारूबंदीच्या राज्यातून बाहेर पडताच काही मंडळींस जे सुचते त्याचीही सोय. वारा कोणत्या दिशेचा असेल, हा प्रश्न त्या कागदावर कोठेही नव्हता. मूळ बेत मे महिन्याच्या सुटीचा आणि थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा होता, कारण त्या दिवसांत भाडे निम्म्यावर येते, असे दलालाने सांगितले होते. ते निम्म्यावर का येते हे विचारण्याची बुद्धी कोणास झाली नाही. त्या किनाऱ्यावर मेपासून नैर्ऋत्य मोसमी वारा समोरून येऊन आदळतो, हे मी नकाशा पुढे ठेवून सांगितले तेव्हा पेढीवर जी शांतता पसरली ती मला अद्याप आठवते.

सुरतेच्या माणसाला हे सांगावे लागावे, याचेच दुःख आहे. 'मॉन्सून' हा जगभर पसरलेला शब्द अरबी 'मौसिम'पासून आला, आणि मौसिम म्हणजे पाऊस नव्हे, ठरलेली वेळ. या बंदराचे सारे पंचांग त्या वेळेवर चालत असे. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीच्या समुद्रात, एका वाळूच्या दांड्याआड जो खोल पाण्याचा पट्टा आहे तेथे नांगर टाकीत आणि माल होड्यांतून व गाड्यांतून शहरात येई. पावसाळा ओसरल्यावर जहाजे येत आणि पुढचा पावसाळा जवळ आला की तो नांगरवाडा रिकामा होई. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुवाळीस उतरला तो 1615 च्या सप्टेंबरात. राजाचा वकील झाला म्हणून तो जुलैत उतरू शकला नसता. पुढे आम्ही दिवाळीचा मुहूर्त आणि सेशेल्स अशी सांगड घातली ती याच हिशेबाने: तेथला आग्नेय व्यापारी वारा ऑक्टोबरात ओसरतो आणि वायव्येचा डिसेंबरात सुरू होतो, मधले दिवस बहुधा सौम्य असतात. हिऱ्याचे कारखानेही तेव्हा बंद असतात, हा योगायोग भागीदाराच्या सोयीचा ठरला.

नौका पाहताना दुसरा घोळ झाला. तज्ज्ञ चालकावाचून नुसती नौका घेतल्यास स्वस्त पडते, असे कळताच पुतण्याने मोटार चालविण्याचा परवाना पुढे केला. त्याला समजावून सांगावे लागले की, प्रवाळाच्या बेटांत पाण्याखालचा खडक सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच दिसतो, पाण्याचा रंग निळ्यावरून हिरवा आणि हिरव्यावरून तपकिरी होतो त्याचा अर्थ वाचता यावा लागतो, आणि समोरून ऊन आले की तोच खडक आरशाखाली लपतो. 1602 च्या जुलैत 'कोर्बें' नावाचे फ्रेंच जहाज मालदीवच्या प्रवाळभिंतीवर आपटून फुटले. त्यातून वाचलेला पिरार द लाव्हाल हा प्रवासी तेथे जवळजवळ पाच वर्षे अडकून पडला. त्या जहाजावर दर्यावर्दी माणसे होती. आमच्याकडे कापडाचे व्यापारी होते. शेवटी जुळ्या सांगाड्याची एक रुंद नौका, एक नाखुदा आणि एक आचारी असा करार झाला. त्या करारात भाड्याखेरीज खाण्यापिण्याची व इंधनाची रक्कम आगाऊ ठेवून शेवटी हिशेब करावयाचा होता, सूर्यास्तानंतर नौका हलवावयाची नव्हती, आणि सुरक्षिततेविषयी नाखुदाचा निर्णय अखेरचा राहावयाचा होता. या शेवटच्या दोन कलमांवर सह्या करताना ती कोणीही वाचली नाहीत.

वाचण्याचा प्रसंग भाऊबीजेच्या दिवशी आला. नौका क्युरिएझ बेटापाशी नांगरलेली होती आणि ओवाळण्याचा समारंभ ला डिगच्या वाळूवर व्हावा, असे कार्यक्रमपत्रिकेत आधीच ठरले होते. संध्याकाळचे पाच वाजत आले होते, अंतर जेमतेम दोन तासांचे, आणि तेथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नाखुदा नाही म्हणाला. पुतण्याने पैशाची गोष्ट काढली. भागीदाराने दलालाला फोन लावला. आमची पुतणी रडकुंडीस आली. नाखुदा, जो वयाने माझ्या मुलासारखा, शांतपणे सुकाणूजवळ बसून राहिला आणि पुन्हा एकदा नाही म्हणाला. मी त्या क्षणी मनात त्याला मुजरा केला, कारण फार्सीतील हा शब्द 'नाव' आणि 'खुदा' यांचा, म्हणजे नौकेचा स्वामी असा आहे, आणि ज्या चौथ्या माणसाविषयी मी वर म्हणालो तो हाच. सुरतेचे व्यापारी जहाज भाड्याने घेत, पण नाखुदाचा शब्द भाड्याने घेत नसत. आमच्या मंडळींनी पैसा नौकेसाठी दिला होता आणि त्यांना वाटले की समुद्रही त्यात आला. भाऊबीज तेथेच, नांगरावर झाली. डेकवर उघडी ज्योत चालत नाही म्हणून विजेच्या पणतीने ओवाळले, आणि भागीदाराच्या मुलाने ती पणती नंतर पाण्यात पाडली.

स्वदेशीचा एक प्रश्न राहिला. परदेशी बेटे कशाला, लक्षद्वीप काय वाईट, असे गुरुजी विचारतात, आणि 2024 च्या जानेवारीपासून हा प्रश्न विचारण्याची टूमच निघाली आहे. लक्षद्वीप वाईट नाही, फार चांगले आहे, आणि नेमके म्हणूनच तेथे जपून जावे. छत्तीस बेटे मिळून सारी जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. गोडे पाणी जमिनीखालच्या एका पातळ थरात. आणि भोवतालचे प्रवाळ 1998 व 2016 च्या उष्ण पाण्याने पांढरे पडून मार खाल्लेले. तेथे जावयाचे तर आपल्याच देशात परवाना काढावा लागतो, याचा काहींना राग येतो. मला येत नाही. गुलबदन बेगमेस परक्याचा परवाना लागला, तो जुलूम होता. लहान बेटांनी आपल्या दारावर उंबरठा ठेवावा, यात जुलूम कसला? पर्यटक नौकांच्या नांगरांनी तेथील प्रवाळ खरवडला जाणार नाही अशी बांधून ठेवलेली तरंगती ठाणी पुरेशी होईपर्यंत आमच्यासारख्यांनी तेथे खाजगी नौकांची गर्दी करू नये, असे माझे मत आहे, आणि या एका बाबतीत गुरुजींहून मी अधिक कठोर आहे.

म्हणून माझी गुरुजींस विनंती आहे. येत्या दिवाळीस हीच मंडळी पुन्हा निघणार असून या खेपेस कार्यक्रमपत्रिका लिहावयाची नाही असे ठरले आहे; रोज सकाळी नाखुदा सांगेल तिकडे जावयाचे. एक खोली रिकामी आहे. धनत्रयोदशीच्या पहाटे फ्लाइंग राणीने मुंबई, आणि तेथून विमान. कडक पेटी आणू नये, नौकेवर ती ठेवण्यास जागा नसते. कापडी पिशवी आणावी, आणि डेकवर चपला चालत नाहीत, हे लक्षात ठेवावे.